माशाचं वय कसं मोजतात, आणि दोन तज्ज्ञांचे आकडे जुळले नाहीत तर काय करतात

एकाच माशाच्या कानातला एकच खडा घ्या, त्याचा पातळ काप करा, मायक्रोस्कोपखाली ठेवा आणि तीन मुरलेल्या माणसांना वेगवेगळं बसवून विचारा की या माशाचं वय किती. एकजण पाच सांगेल, दुसरा सहा, तिसरी पण पाचच सांगेल पण तिने मोजलेल्या पाच रेषा आणि पहिल्याने मोजलेल्या पाच रेषा त्याच असतील असं नाही. तिघांपैकी कोणी नवखं नाही, कोणी घाई केलेली नाही, खडा तोच, मायक्रोस्कोप तोच. आणि हे कधीतरी एखाद्या वेळी होतं असंही नाही, मत्स्यविज्ञानाच्या लॅबमध्ये हे नेहमीचंच आहे, आणि याच आकड्यांवरून पुढे ठरतं की समुद्रातून यंदा किती टन मासा काढायचा. मी पुण्यात कॉलेजमध्ये स्टॅटिस्टिक्स शिकवते, दोन तज्ज्ञांचं एकमत आहे की नाही हे आकड्यात कसं मांडायचं हे मुलांना समजावताना मला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळालेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो खडा म्हणजे काय ते बघू. त्याला ओटोलिथ म्हणतात. बरेच लोक कानाचं हाड म्हणतात पण ते हाड नाहीये. हाड जिवंत असतं, शरीराला गरज पडली की हाडातलं कॅल्शियम काढूनसुद्धा घेतलं जातं. ओटोलिथ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅरागोनाइट नावाच्या रूपातलं, त्यात थोडं प्रथिन, आणि एकदा चढलेला थर सहसा परत विरघळत नाही. मासा जगेपर्यंत थरावर थर चढत राहतात. म्हणून त्यात नोंद टिकते, आणि म्हणूनच वय मोजायला खवल्यांपेक्षा तो जास्त भरवशाचा. हाडं असलेल्या माशांमध्ये याच्या तीन जोड्या असतात, सॅजिटा, लॅपिलस आणि अ‍ॅस्टेरिस्कस, आणि बहुतेक समुद्री माशांमध्ये सॅजिटा सगळ्यात मोठा असतो. तोल सांभाळणं आणि ऐकणं ही त्यांची कामं. आपल्याही कानात असेच पण अगदी बारीक कण असतात, ते जागेवरून सरकले की कूस बदलताना गरगरतं, घरात कोणाला तरी तसली चक्कर येऊन गेलेली असते. मुशी, पाकट यांच्यात मात्र असे खडे नसतात, त्यांचं वय मणक्यांवरच्या रिंगांवरून काढतात.

आता रिंगा का पडतात. थंड प्रदेशात उन्हाळ्यात मासा भराभर वाढतो तेव्हा दाट, अपारदर्शक पट्टा बनतो, हिवाळ्यात वाढ मंदावते तेव्हा अर्धपारदर्शक पट्टा. दोन्ही मिळून एक वर्ष. हे नेमकं कधी बनतं ते जातीनुसार, ठिकाणानुसार बदलतं, पण तत्त्व हेच. १८९९ मध्ये रायबिश या जर्मन अभ्यासकाने प्लेस नावाच्या चपट्या माशाच्या ओटोलिथमध्ये वर्षाच्या रिंगा असतात हे दाखवलं, आणि १९७१ मध्ये पॅनेला यांनी दाखवलं की त्याच खड्यात रोजची एक अशा बारीक रिंगासुद्धा असतात. म्हणजे पिल्लाचं वय दिवसांत मोजता येतं, हे मला अजूनही थक्क करणारं वाटतं.

ऐकायला हे सोपं वाटतं, रिंगा मोजायच्या आणि आकडा लिहायचा. अडचण कुठे येते ते घरी करून बघितलं की कळतं. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात ढोमा मिळतो, त्या कुळातल्या माशांचे ओटोलिथ अंगाच्या मानाने चांगलेच मोठे असतात. माझी भाची बारावी सायन्सला आहे, तिने डोक्याचा वरचा भाग उघडून मेंदूच्या दोन्ही बाजूंचे दोन पांढरे खडे चिमट्याने काढले, धुतले, वाळवले. सेंटीमीटरच्या आसपास लांब, जाडसर, आणि एका बाजूला बेडकाच्या पिल्लासारखी डोकं आणि शेपटी असलेली खोबण. ती खोबण या कुळाची खूणच आहे. अख्ख्या खड्यात काहीच दिसत नाही, कारण तो जाड असतो. मग तिने तो वॉटर पेपरवर पाणी टाकून दोन्ही बाजूंनी घासत घासत पातळ केला, बोटं पांढरी झाली, आणि स्लाइडवर चिकटवला. काळ्या कापडावर ठेवून वरून उजेड टाकला तर काही पट्टे पांढरे दिसले. मग खालून मोबाइलचा टॉर्च लावला तर तेच पट्टे काळपट दिसायला लागले. भिंगातून बघत ती म्हणाली, "मावशी, ही अगदी कडेची रेघ पण धरायची का? आणि मधे ही पुसटशी आहे तिचं काय?"

हे दोन प्रश्न म्हणजे या सगळ्या विषयाचं सार आहे. मुरलेल्या माणसांमध्ये जे मतभेद होतात त्यातले बरेचसे याच दोन ठिकाणी होतात, कडेची रिंग धरायची का, आणि मधली ही खरी का खोटी.

कडेचं आधी सांगते कारण तिथे नियम लागतो, नजर नाही. समजा एक मासा २०२० च्या वसंतात जन्मला आणि मार्च २०२४ मध्ये पकडला. हिवाळ्याचे पूर्ण झालेले पट्टे तीन, आणि चौथा कडेला, अजून बनतोय. वय तीन का चार? उत्तर गोलार्धात यासाठी ठरवून टाकलंय की सगळ्या माशांचा वाढदिवस १ जानेवारी. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची शाळेतली जन्मतारीख १ जून असते, मास्तरांनी सोयीसाठी लिहून टाकलेली, तसंच आहे हे, खरा जन्म कधीचाही असो, हिशोब त्या तारखेपासून. त्यामुळे मार्चमध्ये पकडलेल्या माशाची कडेची रिंग धरायची, वय चार. आणि तोच मासा नोव्हेंबर २०२३ मध्ये मिळाला असता, कडेला तसाच पट्टा नुकता सुरू झालेला दिसत असता, तरी तो धरायचा नाही, वय तीन. म्हणजे भिंगातून दिसतं एकसारखंच पण उत्तर वेगळं. एखाद्या लॅबने हा नियम लिहून ठेवला नसेल, किंवा रीडरला मासा कधी पकडला ती तारीखच दिली नसेल, तर दोन अतिशय हुशार माणसं अख्ख्या बॅचमध्ये एक वर्षाचा फरक करून ठेवतात. (हे काम करणाऱ्याला रीडरच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणते.)

मधल्या पुसट रिंगांचं मात्र खरंच अवघड आहे. मासा आजारी पडला, खायला कमी मिळालं, अंडी घालण्यात ताकद गेली, पाण्याचं तापमान अचानक बदललं, की वाढ अडखळते आणि वर्षाची नसलेली एक रिंग उमटते. तिला चेक म्हणतात. खरी वर्षाची रिंग सहसा खड्याभोवती पूर्ण फिरते, चेक कुठेतरी तुटतो, हा एक निकष आहे पण तो प्रत्येक वेळी लागू पडतोच असं नाही. दुसरा त्रास पहिल्या रिंगेचा. मधोमध जे अंधुक केंद्र असतं तिथे पहिलं वर्ष नेमकं कुठे संपलं हे ठरवणं कठीण, आणि तिथे घसरलात की पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात. तिसरा त्रास म्हाताऱ्या माशांचा, वाढ जवळजवळ थांबलेली असते त्यामुळे कडेच्या रिंगा एकमेकांना इतक्या चिकटलेल्या असतात की मोजणाऱ्याचे डोळे दुखतात. अशा खड्यांचे डायमंड ब्लेडने पातळ काप घेतात, किंवा खडा मधोमध तोडून ज्योतीवर हलकासा भाजतात म्हणजे हिवाळ्याच्या रेषा तपकिरी होऊन उठून दिसतात.

आणि एक गोष्ट जी माणसाच्या मनातली आहे. रीडरला आधी सांगितलं की हा मासा साठ सेंटीमीटरचा होता, तर त्याच्या डोक्यात एक आकडा तयार होतो आणि मग डोळे तेवढ्या रिंगा शोधायला लागतात. हे कोणी मुद्दाम करत नाही. पण आपल्याला शोधायचंच असतं की या लांबीच्या माशाचं वय किती असतं, आणि ते लांबी बघून ठरवलेल्या वयावरून शोधलं तर त्यातून काय कळणार? म्हणून चांगल्या लॅबमध्ये पकडल्याची तारीख देतात, लांबी देत नाहीत.

आता माझ्या आवडीचा भाग, एकमत मोजायचं कसं. सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे टक्केवारी. शंभर खडे दोघांनी वाचले, सत्तरवर आकडा जुळला, एकमत सत्तर टक्के. बऱ्याच रिपोर्टमध्ये एवढंच असतं. पण यात एक मोठी गोची आहे. एका माशाला एकाने ३ म्हटलं आणि दुसऱ्याने ४, आणि दुसऱ्या माशाला एकाने ३० म्हटलं आणि दुसऱ्याने ३१, टक्केवारीच्या हिशोबात दोन्ही सारखेच, 'जुळलं नाही'. पण तीन आणि चारमधला फरक केवढा मोठा आहे, आणि तीस-एकतीसमध्ये तर कौतुक करावं इतकं जवळ आलेत दोघं. म्हणून १९८१ मध्ये बीमिश आणि फोर्नियर यांनी सुचवलं की सरासरी वयापासूनचं अंतर हे वयाच्या प्रमाणात मोजा, आणि पुढच्याच वर्षी चँग यांनी त्यासाठी सीव्ही वापरा म्हटलं, म्हणजे कोइफिशंट ऑफ व्हेरिएशन, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) भागिले सरासरी. वरच्या उदाहरणात करून बघा. ३ आणि ४ ची सरासरी साडेतीन, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.७१, सीव्ही साधारण २० टक्के. ३० आणि ३१ ची सरासरी साडेतीस, स्टँडर्ड डेव्हिएशन तेच ०.७१, सीव्ही २.३ टक्के. फरक एकाच वर्षाचा, पण एक वाचन कच्चं आणि एक उत्तम. हे प्रत्येक माशासाठी काढून सरासरी घेतली की एक आकडा मिळतो. कॅम्पाना यांनी २००१ मध्ये अनेक अभ्यास चाळून मध्यम आयुष्याच्या, मध्यम अवघड माशांसाठी ५ टक्के सीव्ही ही तुलनेला धरायची खूण म्हणून सांगितली. तो कायदा नाही, अवघड जातींमध्ये याहून बराच जास्त सीव्ही सर्रास येतो, फार थोडं जगणाऱ्या माशांत तर एका वर्षाच्या चुकीने तो उडीच मारतो.

पण सीव्ही कमी आला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण दोन प्रकारचे मतभेद असतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक म्हणजे कधी याचा एक जास्त, कधी त्याचा एक जास्त, असं इकडे तिकडे. हजारो माशांच्या सरासरीत हे बरंचसं एकमेकांना खाऊन टाकतं. दुसरा म्हणजे एक रीडर कायम दुसऱ्यापेक्षा एक जास्त सांगतो, किंवा आठ वर्षांपर्यंत दोघांचं छान जुळतं आणि मग हा मागे पडत जातो, चौदाला अकरा म्हणतो. हा झुकाव, बायस. कितीही मासे घेतले तरी तो सरासरीत विरत नाही. एकमताची टक्केवारी दोन्ही प्रकारांत सारखी येऊ शकते! त्यामुळे मी तर म्हणेन आधी ग्राफ काढा. आडव्या अक्षावर एका रीडरची वयं, उभ्या अक्षावर दुसऱ्याने त्याच माशांना दिलेल्या वयांची सरासरी, आणि मधून पंचेचाळीस अंशांची रेघ. बिंदू रेघेवर असले तर ठीक, एका बाजूला कलंडत गेले तर लगेच डोळ्यांना दिसतं कुठल्या वयापासून गडबड सुरू होते. १९९५ पासून हा ग्राफ या क्षेत्रात रुळलाय, आणि त्याच वर्षी होनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाउकर यांची सिमेट्रीची जुनी टेस्ट या कामाला लावली, ती हेच तपासते की मतभेद दोन्ही बाजूंना सारखे पडलेत का एकाच बाजूला. मुलांना मी हे आवर्जून करायला लावते, कारण आकड्यात लपलेलं चित्रात लपत नाही.

इथपर्यंत आपण दोघांचं एकमेकांशी जमतंय का एवढंच बघितलं. आता त्याहून मोठा प्रश्न, दोघांचं जमलं पण दोघंही चुकले तर? एकाच गुरूकडे शिकलेले दोन रीडर एकाच खोट्या रिंगेला दरवेळी खरी म्हणतील, एकमत शंभर टक्के, आणि वय चुकीचं. एकमत म्हणजे खरं वय नव्हे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वेगळ्याच तपासाव्या लागतात. १९८३ मध्ये बीमिश आणि मॅकफार्लेन यांनी आधीचे शेकडो अभ्यास बघितले तर सगळ्या वयांसाठी रिंग म्हणजे वर्ष हे प्रत्यक्ष तपासलेले अभ्यास अगदीच मोजके निघाले.

याची जी किंमत मोजली गेली त्यात ऑरेंज रफीचं नाव पहिलं येतं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या खोल समुद्रातला हा लालसर मासा, सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात त्याची प्रचंड मासेमारी झाली. सुरुवातीला धरलं होतं की तो वीस-तीस वर्षं जगत असेल. १९९१ मध्ये ओटोलिथमधल्या रेडियम आणि शिशाच्या किरणोत्सारी प्रमाणावरून वय काढलं तेव्हा मासे शंभरीच्याही पुढचे निघाले. आता हिशोब बघा. जास्तीत जास्त आयुष्यावरून नैसर्गिक मृत्युदराचा अंदाज काढायचं एक ढोबळ सूत्र आहे, त्यात आयुष्य ३० धरलं तर वर्षाला साधारण १३ टक्के मासे आपोआप मरतात असं येतं, आणि १२० धरलं तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. जो मासा भराभर मरतो आणि भराभर भरून निघतो तो जास्त काढला तरी चालतो, जो पंचविशी-तिशी उलटल्यावर कुठे वयात येतो तो एकदा काढला की भरून यायला पिढ्या लागतात. कोटे पहिल्या समजुतीवर ठरले होते. साठे कोसळले, काही भागांतली मासेमारी बंद करावी लागली.

गोड्या पाण्यातलंही एक उदाहरण आहे. अमेरिकेतला बिगमाउथ बफेलो, रोहू, कटला आणि आपला महसीर ज्या गणात येतात त्याच गणातला. तो साधारण पंचवीस वर्षं जगतो असं धरलं जायचं. २०१९ मध्ये ओटोलिथचे काप घेऊन मोजलं तर एक मासा ११२ वर्षांचा निघाला. महसीरचं नाव मुद्दाम घेतलं, कारण कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या महसीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. अशा मोठ्या, हळू वाढणाऱ्या माशांचं वय नुसत्या खवल्यांवरून काढतात तेव्हा मला काळजी वाटते, वाढ थांबली की खवल्यावर नवीन रिंगा नीट उमटत नाहीत आणि म्हातारा मासा तरुण ठरतो.

मग खरं वय तपासायचं कसं? काही पद्धती फारच सुंदर आहेत. एक, मासा पकडून त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन देतात, खूण लावून सोडतात. हे औषध त्या दिवशी बनणाऱ्या थरात जाऊन बसतं (लहान मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत, दात पिवळे पडतात, ते याच गुणामुळे). तीन वर्षांनी तो मासा परत सापडला तर अल्ट्राव्हायोलेट उजेडात ती रेघ पिवळी चमकते, आणि तिच्या बाहेर किती रिंगा आहेत ते मोजायचं. तीन असल्या तर तुमची पद्धत बरोबर. दोन, १९५० आणि ६० च्या दशकांत वातावरणात अणुचाचण्या झाल्या, हवेतला आणि मग समुद्रातला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, एकदम वाढला. त्या काळात जन्मलेल्या माशाच्या खड्याच्या केंद्रात त्या वर्षीच्या पाण्यातला कार्बन कायमचा बंद झालेला आहे. केंद्र कोरून काढायचं, मोजायचं आणि आपण रिंगांवरून सांगितलेलं जन्मवर्ष त्याच्याशी बसतं का ते बघायचं. कॅलिश यांनी १९९३ मध्ये न्यूझीलंडच्या माशांवर हे केलं आणि मग ते जगभर पसरलं. बफेलोचं वयही असंच पक्कं केलं गेलं.

तिसरी पद्धत पुणेकरांना ऐकून माहीत असेल अशी आहे. पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे उष्णदेशीय हवामान संस्थेत, सागाच्या रिंगांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय. तिथे नुसत्या रिंगा मोजत नाहीत, एका झाडातला जाड-बारीक रिंगांचा क्रम दुसऱ्या झाडाशी जुळवतात, कारण कोरडं वर्ष सगळ्या झाडांत बारीकच उमटणार. एक रिंग निसटली असेल तर क्रम जुळत नाही आणि चूक पकडली जाते. याला क्रॉसडेटिंग म्हणतात, आणि २००५ मध्ये ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिकमधल्या रॉकफिश या दीर्घायुषी माशांच्या ओटोलिथवर तेच करून दाखवलं.

एकमत नसलं की साठ्याच्या अंदाजात नेमकं काय बिघडतं तेही सांगायला हवं, कारण 'एखाद्या वर्षाचा फरक, त्यात काय एवढं' असं बऱ्याच जणांना वाटतं. कल्पना करा एका वर्षी भरपूर पिल्लं जगली, त्या सालचे १००० मासे नमुन्यात आहेत, आणि आधीच्या-नंतरच्या सालांचे फक्त शंभर शंभर. रीडर ७० टक्के वेळा बरोबर, १५ टक्के वेळा एक कमी, १५ टक्के वेळा एक जास्त. आता कागदावर काय दिसेल? हजारचे झाले ७३०, आणि शेजारच्या शंभराचे झाले २३५. म्हणजे खऱ्या कमजोर वर्षाची दुपटीहून जास्त भरभराट दिसली. डोंगर बसला, दऱ्या भरल्या, आणि सरकारी समितीला वाटलं की दरवर्षी बऱ्यापैकी पिल्लं येतायत, काळजीचं कारण नाही. यात रीडर एका बाजूला अजिबात झुकलेला नाही हे लक्षात घ्या. म्हणून आताच्या मॉडेलांमध्ये वाचनातली चूक किती आणि कशी आहे याचा एक तक्ता वेगळा घालतात, आणि तो तक्ता मिळतो कुठून, तर दोन-तीन रीडरनी तेच खडे परत परत वाचल्यामुळेच. दुसरं वाचन हे वेळ आणि पैशाची उधळपट्टी आहे असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा हाताने करून बघावं.

आणि कधीकधी प्रकरण इतकं हाताबाहेर जातं की हिशोबच थांबवावा लागतो. पूर्व बाल्टिक समुद्रातल्या कॉड माशाचं तसंच झालं. तिथल्या कॉडच्या रिंगा मुळातच अस्पष्ट, देशोदेशीचे रीडर वर्षानुवर्षं वेगवेगळी वयं सांगत होते, त्यात माशांची वाढही बदलली, आणि २०१४ मध्ये आयसीईएस या समुद्राचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला त्या साठ्याचं वयावर आधारलेलं नेहमीचं मूल्यमापन बाजूला ठेवावं लागलं. मग हजारो कॉडना टेट्रासायक्लिन देऊन, खुणा लावून सोडण्यात आलं. म्हणजे मूळ पायरीवर परत जावं लागलं.

हीच आयसीईएस एकमत वाढवायला जे करते ते शिकण्यासारखं आहे. वेगवेगळ्या देशांच्या लॅबना त्याच ओटोलिथचे फोटो पाठवतात, आता स्मार्टडॉट्स नावाच्या प्रणालीवर, आणि प्रत्येक रीडर आकडा लिहून मोकळा होत नाही, तो ज्या रिंगा धरल्या त्या प्रत्येकीवर ठिपका देतो. हे ठिपके एकमेकांवर ठेवले की कळतं की भांडण नेमकं कुठे आहे, पहिल्या रिंगेवर का कडेला. सुरुवातीला म्हटलं तसं दोघांचं उत्तर पाच पण ठिपके वेगळे, हेही यातच सापडतं. मग सगळे एकत्र बसतात, वाद घालतात, नियम लिहितात आणि परत वाचतात. याशिवाय चांगल्या लॅबमध्ये एक संदर्भ संग्रह असतो, ज्यांचं वय शक्य तितकं पक्कं केलंय अशा खड्यांचा. रोजच्या कामात त्यातले काही न सांगता मिसळतात. कारण माणूस दहा वर्षं हेच काम करत असला तर त्याचे स्वतःचे निकष हळूहळू सरकतात आणि त्याला स्वतःला ते जाणवत नाही, आणि मग वाटतं की समुद्रातले मासे म्हातारे व्हायला लागलेत.

एआयने हे सगळं सुटेल का असं मुलं विचारतातच. नॉर्वेमध्ये ग्रीनलँड हॅलिबटच्या ओटोलिथच्या फोटोंवर २०१८ मध्ये डीप लर्निंग वापरून बघितलं, माणसांच्या बऱ्यापैकी जवळ जाणारी वयं आली. यंत्र थकत नाही, सोमवारी एक आणि शुक्रवारी दुसरं सांगत नाही, त्यामुळे ते स्वतःशी तरी कायम सुसंगत राहतं. पण शिकवायला जी वयं दिली ती माणसांनीच वाचलेली, त्यात झुकाव असेल तर यंत्र तोच झुकाव मन लावून शिकेल. त्यामुळे खरं वय तपासायचं काम कमी होत नाही, उलट त्याची गरज वाढते.

आता आपल्याकडचं. अरबी समुद्रात हिवाळा-उन्हाळा असा तीव्र फरक नाही, त्यामुळे वर्षाच्या रिंगा पुसट पडतात. पावसाळा, त्यात खालून वर येणारं थंड पाणी, अंडी घालण्याचा हंगाम यामुळे काही जातींमध्ये रिंगा उमटतात, पण त्या वर्षाला एकच का दोन हे प्रत्येक जातीसाठी वेगळं सिद्ध करावं लागतं. बांगडा, तारली असे मासे तर मुळातच थोडी वर्षं जगतात, तिथे एका रिंगेची चूक म्हणजे निम्मं आयुष्य इकडचं तिकडे. त्यामुळे भारतात अनेक वर्षं वय थेट न मोजता महिन्यामहिन्याच्या लांबीच्या आकड्यांवरून वाढीचा अंदाज काढण्यावर भर राहिला, आणि लहान माशांसाठी रोजच्या रिंगांचा उपयोग होतो. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, माशांच्या किमान लांबीचे नियम आले, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या सगळ्याच्या मुळाशी हा मासा केव्हा वयात येतो, किती वर्षं जगतो हाच प्रश्न आहे.

म्हणून मत्स्यविज्ञान किंवा झूलॉजीला असलेल्या, ओटोलिथवर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. रिंगा एकट्याने मोजू नका. निदान दोन जणांनी, एकमेकांचे आकडे आणि माशाची लांबी न बघता मोजा, आणि स्वतः मोजलेले खडे महिन्याभराने नंबर बदलून परत मोजा. कडेची रिंग केव्हा धरली, पहिली रिंग कुठे मानली, उजेड वरून होता का खालून, हे लिहा. थिसिसमध्ये एकमताच्या टक्केवारीशेजारी सीव्ही द्या, दोन रीडरचा तो पंचेचाळीस अंशांचा ग्राफ द्या, आणि जे खडे वाचता आले नाहीत म्हणून टाकून दिले ते किती होते तेही द्या, कारण बहुधा तेच सगळ्यात म्हाताऱ्या माशांचे असतात. आणि काम झालं की खडे फेकू नका, कागदी पाकिटात कोरडे ठेवून वर जात, तारीख, ठिकाण लिहा, पुढच्या बॅचला तेच परत वाचता येतील.